छिउलानचा उजवा खांदा

फू छिउलानला आमच्या क्रीडाशाळेत आणलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. बाप तळ्याकाठी बदकं राखायचा. वेटलिफ्टिंगचे कोच दुआन यांनी तिची मनगटं निरखली आणि बापाला म्हणाले, "ठेवून जा."

सात वर्षं ती माझ्या शेजारच्या खाटेवर झोपली. पाय दणकट, खांदे मात्र कच्चे. जड वजन छातीपर्यंत सहज आणायची आणि डोक्यावर नेताना हरायची. म्हणून कोचनी तिच्यामागे एकच व्यायाम लावला. दांडा खांद्यावर घ्यायचा, गुडघे किंचित वाकवायचे आणि पायांच्या झटक्यासरशी थेट वर ढकलायचा. सकाळी पन्नास वेळा, संध्याकाळी पन्नास.

प्रांताच्या संघाची निवड नऊ दिवसांवर आली. आमच्या वजनगटात जागा एक, आम्ही दोघी. त्या सकाळी ती म्हणाली, "कोच, खांदा वर जात नाहीये."

कोच माझ्याकडे वळले. "पंग, तू हिच्याजवळ झोपतेस. खरंच दुखतो का?"

पंधरा दिवस ती डाव्या हाताने जेवत होती. केस मीच विंचरून द्यायचे.

मी म्हणाले, "जेवताना तर बरा चालतो."

पोरी फिदीफिदी हसल्या.

"ऐकलंस?" कोच कडाडले. "भात दिसला की तुटून पडायचं आणि दांडा दिसला की पंख गाळायचे! लावा पंचाहत्तर किलो."

छिउलानने माझ्याकडे एकदाच पाहिलं. चार वेळा दांडा वर गेला. पाचव्यांदा ओलं कापड टरकावं तसा आवाज झाला. दांडा मागे आदळला, ती गुडघ्यांवर कोसळली.

"दांडा वाकला का बघा," कोच म्हणाले. "पुढची कोण?"

पुढची मी. तेच पंचाहत्तर किलो मी सहा वेळा उचललं. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाप तिला न्यायला आला. कोचसाठी भाजलेलं बदक आणलं होतं. कमरेत वाकून म्हणाला, "पोरीने तुमची मेहनत वाया घालवली. माफ करा." संध्याकाळी आम्ही ते बदक खाल्लं. मला तंगडी मिळाली, पुढे संघातली जागाही मिळाली.

छिउलानचा हात छातीच्या वर पुन्हा कधी गेला नाही. ठरलेलं लग्न मोडलं. होणाऱ्या सासूला वरच्या फळीवरचा डबा काढू शकणारी सून हवी होती. आता ती बापाबरोबर बदकांची अंडी मुरवायला मिठात घालते.

एकदा मी तिच्या गावी गेले. अंगणातून तिने मला ओळखलं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "त्या बाईला सांगा, मी घरात नाही."