केकवरची तीन उद्गारचिन्हं

बेकरीतल्या थोरल्या सुनेला सगळे पाठीमागे मास्तरीणबाई म्हणत. ती कोणत्याच शाळेत शिकवायला गेली नव्हती. केकवर क्रीमनं अक्षरं काढणं हे तिचं काम. पण काढायची तर अशी, की गिऱ्हाइकाला केकवर सुरी चालवायचं जिवावर यावं. काना-मात्रा जागच्या जागी, ओळ सरळ, आणि उद्गारचिन्ह द्यायचं झालंच तर एक, तेही चौकशी करून.

चौकशी खरोखरच व्हायची. 'अभिनंदन'पुढे खूण मागणाऱ्याला ती विचारायची, "पास होणारच होता, की काठावर सुटला?" काठावर सुटलेल्याला खूण मिळायची, कारण त्या घरात आनंदानं आरडाओरडा झालेला असणार. हुशार पोराला नुसतं अभिनंदन. लग्नाच्या वाढदिवसाला खूण नाही. "इतक्या वर्षांनी नवराबायको एकमेकांवर ओरडतात ते काही प्रेमानं नव्हे," हे तिचं ठरलेलं उत्तर. 'माफ कर'पुढे तर मुळीच नाही. माफी ओरडून मागितली की भांडण पहिल्यापासून सुरू. जिथं माणूस खरंच आवाज चढवेल तिथं खूण द्यावी, बाकी ठिकाणी शब्दांना त्यांचं काम करू द्यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

हे सगळं तिनं सासूबाईंकडून घेतलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला पाव कसा फुगतो तेही ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी पालथ्या ट्रेवर तिच्याकडून अक्षरं गिरवून घेतली आणि एक दिवस तिला काचेसमोरच्या टेबलाशी बसवलं. नवरा आत भट्टीशी घामाघूम, दीर गाडीवरून माल पोचवण्यात, आणि ती काचेआड. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून तिचा हात बघायची. एवढ्या मोठ्या घरात तिची म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती.

बेकरीचा एक रिवाजही सासूबाईंनीच घालून दिला होता. जिनं लिहिलं तिनं डबा बंद करायचा नाही. दुसरीनं केकवरचं मोठ्यानं वाचायचं, जसं लिहिलंय तसं, खूण असेल तर आवाज चढवून. ऐकताना कानाला खटकलं तर पुसायचं, नाहीतर डबा बंद. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, पण ऐकू येते, असं सासूबाई म्हणत. या रिवाजामुळे बेकरीतून चुकीचा केक कधी बाहेर पडला नव्हता.

मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली.

धाकटी बोलायची तशीच लिहायची, म्हणजे सदा हसत आणि सदा वरच्या पट्टीत. तिच्या हाती क्रीम भरलेला कागदी कोन आला आणि केकांवर तीन-तीन उद्गारचिन्हं उभी राहिली. कुठे टिंबाच्या जागी चेरी, कुठे बदाम. अक्षरं वाकडी, ओळ उताराला लागलेली. आणि गिऱ्हाइकं? गिऱ्हाइकं खुळावली. "त्या नव्या वहिनींकडून लिहून द्या हं," असं थोरलीच्याच तोंडावर सांगू लागली.

थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. धाकटीचं हसणं तिच्या कानाला टोचायचं. काचेबाहेर कोणी थांबलं की ती आधी बघायची, माणूस कोणाच्या हाताकडे बघतोय. धाकटीकडेच बघत असायचा. रात्री जेवताना सासरे म्हणाले, "धाकटीनं दुकानात जीव आणला बुवा." इतकी वर्षं काय दुकान मेलेलं होतं? हा प्रश्न तिनं घासाबरोबर गिळला. एका दुपारी कोणी नाही असं बघून तिनं पालथ्या ट्रेवर स्वतःच तीन खुणा काढून पाहिल्या. एकसारख्या, ताठ, कुंपणाच्या खांबांसारख्या. त्यात आनंद कुठे दिसेना. तिनं त्या हातानं पुसल्या आणि तिला रडूच आलं.

त्यात टेबलाचा प्रश्न निघाला. एका टेबलाशी दोघींचे कोपर एकमेकींना लागायचे. सासूबाई म्हणाल्या, "काचेसमोर एकच जण बसेल. दुसरीला आत भट्टीशेजारी टेबल टाकून देऊ. कोण कुठे, ते मी महिनाअखेर सांगेन." धाकटी हसून म्हणाली, "मला कुठेही चालेल." थोरलीला त्या हसण्याचा सगळ्यात जास्त राग आला. जिला कुठेही चालतं तिलाच लोक पुढे बसवतात, हे तिला पक्कं माहीत होतं.

त्या आठवड्यात शेजारच्या दुकानातले घड्याळवाले काका आले. त्यांची बायको बरेच महिने दवाखान्यात होती. काका थोरलीजवळ वाकून हळूच म्हणाले, "उद्या तिला घरी आणतोय. डॉक्टर म्हणाले, आता इथे ठेवून उपयोग नाही, घरीच राहू दे जितके दिवस आहेत तितके. एक लहानसा केक दे. वर 'घरी आलीस' एवढंच लिही." थोरलीनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती लग्नाच्या केकवर फुलं काढण्यात गुंतली होती. हातातलं काम सोडता येईना, म्हणून धाकटीला म्हणाली, "काकांचा केक तू कर. काकू दवाखान्यातून घरी येतायत. 'घरी आलीस' लिही." उरलेलं सांगायला वेळ नव्हता, असं ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावत राहिली.

धाकटीनं केक समोर आणून ठेवला. "ताई, वाचा ना."

घरी आलीस!!! अक्षरं नाचत होती. तिन्ही टिंबांच्या जागी लालभडक चेरी.

थोरलीच्या डोळ्यांसमोर काकांचा चेहरा आला. एका शब्दाचं काम होतं. चमच्याच्या टोकानं तीन खुणा निघाल्या असत्या. पण त्याच चेहऱ्यामागे तिला दुसरंही दिसलं: काका डबा उघडतायत, सगळ्यांसमोर धाकटीची मान खाली जातेय, सासूबाईंना शेवटी कळतंय की ओरडणं म्हणजे लिहिणं नव्हे. आणि काचेसमोरचं टेबल.

"घरी आलीस," तिनं वाचलं. खालच्या आवाजात, सपाट. खुणा नव्हत्याच जणू. आणि डबा बंद केला.

धाकटी खूश होऊन हात धुवायला गेली. गल्ल्यावर बसलेल्या सासूबाईंनी चष्म्यावरून एकदा थोरलीकडे पाहिलं आणि परत सुटे पैसे मोजू लागल्या.

काका आले. त्यांनी तिथेच झाकण उघडलं. केक पाहिला. मग झाकण लावलं, डबा छातीशी धरला आणि निघून गेले. सासूबाईंनीही केक पाहिला होता.

"काका काही बोलले नाहीत?" धाकटीनं विचारलं.

"काकू शेवटच्या दिवसांसाठी घरी आल्यात," सासूबाई म्हणाल्या. "तुला कोणी सांगितलं नाही?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. ती स्टुलावर बसून हमसून हमसून रडली. हेच तर थोरलीला हवं होतं. मग बरं का वाटेना, ते तिला कळेना. तिनं फुलं काढायला घेतली आणि काढलेलं पहिलंच फूल पुसून टाकलं.

दोन दिवसांनी काका परत आले. धाकटी आत पळू लागली, तर त्यांनीच हाक मारली.

"अगं थांब. तिनं विचारलंय, केकवर कोणी लिहिलं म्हणून. आल्यापासून सगळे तिच्याभोवती कुजबुजत होते. दार हळू लावायचं, भांडं हळू ठेवायचं, मीसुद्धा तसाच. केक बघितला आणि ती हसली. म्हणाली, घरात कोणीतरी माझ्याशी मोठ्यानं बोललं बाई एकदाचं. मग मला म्हणाली, तुम्हीही जरा मोठ्यानं बोला, मी अजून आहे." काकांनी डोळे पुसले. "उद्याला अजून एक दे. काहीही लिही, पण तसंच लिही."

धाकटी रडत-हसत म्हणाली, "मला काय कळतंय काका. ताईंनी वाचून डबा बंद केला म्हणून तो गेला. त्यांना खटकलं असतं तर त्यांनी पुसायला लावलं असतं."

काका थोरलीकडे वळले आणि त्यांनी तिला हात जोडले. थोरलीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच, की काकूंना धाकटीचीच अक्षरं हवी होती.

महिनाअखेर सासूबाईंनी दोघींना बोलावलं. "काचेसमोर थोरली बसेल," त्या म्हणाल्या. "तिचा हात चांगला आहे, तिचे कष्ट आहेत. धाकटीचं टेबल आत टाका."

थोरलीचा विश्वासच बसेना. धाकटीनं तर आनंदानं तिचा हात दाबला.

"आणि वाचायचं आजपासून मी बघणार," सासूबाई म्हणाल्या. "दोघींचंही."

त्या दुपारी थोरली काचेसमोर एकटी बसली, कोपर पसरून. एका पोरीचा पहिला वाढदिवस होता. तिनं मन लावून लिहिलं, 'आमची चिमणी एक वर्षाची!' अशी एकच खूण तिनं वर्षानुवर्षं दिली होती, आणि ती कधी वाया गेली नव्हती. आतून धाकटीचा केक आला. सासूबाई उठल्या, चष्मा नीट केला आणि तो वाचला. तिन्ही खुणांचा आवाज चढवून, असा की भट्टीवरून थोरलीचा नवरा डोकावला आणि गिऱ्हाइकं हसली.

मग त्या काचेसमोर आल्या. थोरली ऐकायला मान वर करून बसली.

"आमची चिमणी एक वर्षाची," सासूबाईंनी वाचलं. खालच्या आवाजात, सपाट. आणि डबा बंद केला.