मसाल्याच्या डब्यातल्या गोळ्या
हळदीचा वास आला की मला आधी औषधाच्या गोळ्या आठवतात. आंजी गावातल्या आमच्या घरी आईनं जुन्या मसाल्याच्या डब्यात बाबांची औषधं भरली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून हळदीची वाटी सकाळची, जिऱ्याची दुपारची, मोहरीची रात्रीची, अशी खूण तिनं ठरवली होती. एका रविवारी तिचं ओझं हलकं करायला मी सिंदी मेघेहून सात खणांची प्लास्टिकची डबी घेऊन गेलो. वाट्या रिकाम्या करताना हळदीच्या वाटीखाली एक पाकीट सापडलं. डॉक्टरांनी तिला दिलेल्या बीपीच्या गोळ्यांचं, एकही गोळी न काढलेलं. “ह्या काऊन घेत नाई वं माय?” मी चिडून विचारलं. कापूस वेचून चिरलेली बोटं पदराला पुसत ती म्हणाली, “तुह्या बाबाले देता देता माह्या राहूनच जाते रे.” नव्या डबीत तिच्यासाठी खण मीही ठेवला नव्हता. त्याच हिवाळ्यात ती गेली. आता बाबांना गोळ्या मी देतो. त्यांना फारसं काही आठवत नाही, पण गोळी हातात धरून ते रोज विचारतात, “तुह्या मायनं घेतली काय?” मी हो म्हणतो, तेव्हाच ते गिळतात.