सरूबाईची घरफोडी

"कुलूप शाबूत हाय, सायेब. मग घरफोडी कशी?" सरूबाईने मला विचारलं. कर्जत तालुक्यातल्या एका पोलिस ठाण्यात मी तेव्हा फौजदार होतो. बहात्तरचा दुष्काळ चालू होता.

प्रश्न चोख होता. तिच्या सासरचं दार जुन्या पद्धतीचं, बिजागऱ्या नसलेलं. फळीचा खुंट उंबऱ्याच्या खळग्यात फिरायचा. तिने भरदुपारी पहारीने फळी उचलली, आत जाऊन पितळी हंडा घेतला आणि फळी पुन्हा जागेवर बसवली.

"बसवली कशाला?"

"कुत्रं शिरलं आसतं की आत."

कायद्याला तोडमोड लागत नाही, हे मी तिला सांगितलं. बंद दार असं उघडून चोरीसाठी आत शिरलं की झाली घरफोडी. दिवसा केली तर कलम ४५४, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. सूर्य मावळल्यावर केली तर ४५७, चौदापर्यंत.

फिर्यादी तिचा नवराच, दगडू. आठ महिन्यांपूर्वी भांडून त्याने तिला माहेरी घालवलं होतं. "रातचीच आली आसंल, तसंच लिवा," असं तो दोनदा म्हणाला. रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षं, हे कुणीतरी त्याच्या कानात घातलेलं असणार.

सरूबाई काही लपवत नव्हती. "नेला मी हंडा. माहेरी टँकर येतो. भावजय तिची भांडी भरून घेती. मी काय वंजळीत पानी आनू?"

इन्स्पेक्टर साहेब खूश होते. "कबूल करतेय, मुद्देमाल मिळालाय. पाठवा कोर्टात आणि मोकळे व्हा." मला मात्र चैन पडेना. एका हंड्यापायी दहा वर्षं!

मुद्देमालाचा, म्हणजे जप्त वस्तूचा, पंचनामा करताना त्या वस्तूवरची एखादी खूण लिहावी लागते. नाहीतर कोर्टात वकील विचारतो, हाच हंडा कशावरून? हंडा तर काजळीने काळाकुट्ट. हवालदारांना म्हटलं, राख लावून गळा घासा. घासल्यावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं निघाली. मी मोठ्याने वाचली, 'चि. सौ. कां. सरूबाई हिस वडिलांकडून.'

"लग्नात दिल्यालं सासरचंच आसतं, सायेब," दगडू म्हणाला.

आणि सरूबाईनेच मान डोलावली! "व्हय की. समदे तसंच म्हनत्यात. म्हनून तर चोरी कबूल केली."

मी कपाळाला हात लावला. चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते. बापाने लग्नात मुलीला दिलेला हंडा कायद्याने तिचाच. चोरीच नाही, तर चोरीसाठी घरफोडी कुठली?

तिला भावाच्या हमीवर घरी सोडलं आणि कोर्टाला 'सी समरी' पाठवली. म्हणजे तक्रार अगदीच खोटी नाही, पण गुन्हाही नाही, समजुतीचा घोळ आहे. "या महिन्यात उघड झालेली एकुलती एक घरफोडी घालवलीत," असं कुरकुरत साहेबांनी सही केली.

कोर्टाचा हुकूम यायला महिना लागला. ऐन टंचाईत तेवढे दिवस हंडा ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत रिकामा पडून होता. याची मला अजून लाज वाटते.

सरूबाई न्यायला आली. हंडा कमरेवर घेऊन दारापर्यंत गेली आणि वळली.

"सायेब, काय लिवलंय ते परत वाचा की."

मी वाचलं. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. "बापाला जाऊन सात वर्सं झाली. मला वाटायचं, नक्षी हाय."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी मुद्देमाल आधी घासून घेत असे. कलम नंतर.