ताईंचा विषय हगवण

नाशकात हगवणीवर माझ्या नणंदेइतक्या जिव्हाळ्याने बोलणारं दुसरं माणूस सापडणार नाही, आणि सापडलंच तर ते ताईंच्या हाताखाली शिकलेलं असणार. ताई फार्मसी कॉलेजात शिकवायच्या. रानातल्या कुठल्या सालीने, कुठल्या मुळाने जुलाब थांबतात, हे उंदरांवर तपासण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडले, तेव्हा आशीर्वादाच्या आधी त्यांनी विचारलं, "तुमच्या चांदवडकडे पोट बिघडलं की काय देतात गं?" मी गांगरून म्हटलं, "डाळिंबाची साल." "उन्हात वाळवलेली की सावलीत?" ते मला कुठे ठाऊक! माझ्याच लग्नपत्रिकेच्या पाठीमागे त्यांनी लिहिलं: डाळिंब, चांदवड, वाळवण्याबद्दल खात्री नाही.

काम असं: उंदरांना एरंडेल पाजायचं, एकेकाच्या पिंजऱ्याखाली पांढरा टिपकागद घालायचा आणि तासातासाला तो काढून त्यावरचे डाग मोजायचे. निम्म्यांना आधी सालीचा अर्क दिलेला असे, निम्म्यांना नुसतं पाणी. उंदरांना त्या 'मंडळी' म्हणत. "आज मंडळींना एरंडेल दिलंय, साखरपुड्याला जमणार नाही," असे निरोप आमच्या घराने कितीतरी वेळा पचवले. पण त्या आल्या की जास्त पंचाईत. एका लग्नात बुफेच्या रांगेत उभ्या असताना प्रयोगशाळेतल्या सहकारी बाईंचा फोन आला. ताई मुळात मोठ्या आवाजाच्या, त्यात सनई चालू. "किती झाल्या? पातळ की घट्ट? अहो, रंग सांगा, रंग!" त्यांच्या पुढच्या गृहस्थांनी बासुंदीची वाटी हळूच टेबलावर परत ठेवली.

कुणी घरगुती औषधाची तारीफ केली की ताई प्रेमाने सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "आणि नुसतं पाणी दिलं असतं तर?" या एका प्रश्नापायी आमचे एक चुलत सासरे, जे स्वतःचं चूर्ण गावभर वाटत, आमच्याकडे यायचेच बंद झाले. ताईंना त्याचं वाईट वाटलं. "पण त्यांनी उत्तर दिलंच नाही," असंही म्हणाल्या.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. हरसूलच्या आठवडे बाजारात एक आजी कुड्याची साल विकायच्या, आणि ताईंची साल वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच यायची. त्या सालीच्या अर्काने उंदरांची हगवण चांगली आटोक्यात आली होती. ते सांगायला ताई निघाल्या, आजींना दाखवायला अर्काची छोटी बाटली घेऊन. गाडी मी चालवत होते. रस्ताभर त्यांचा उत्साह काय वर्णावा!

बाजारात पोचलो तर आजींसमोर सालींचे ढीग होते, पण लक्ष गिऱ्हाइकाकडे नव्हतं. मांडीवर दीड-दोन वर्षांची नात मान टाकून पडली होती. तिची आई द्राक्षाच्या बागेत कामाला गेलेली. कालपासून पोरीला जुलाब लागलेले. ताईंनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली; अंगातलं पाणी आटलं होतं.

"पळ, मेडिकलमधून ओआरएसच्या पुड्या आण. आणि पाण्याची बाटली, लिटरची!"

मी धावत घेऊन आले. ताई मातीतच फतकल मारून बसल्या होत्या, पोरीला मांडीवर घेऊन. पुडी कालवली आणि चमच्याचमच्याने पाजायला सुरुवात केली. पोरीने ओकून टाकलं. ताई जरा थांबल्या आणि पुन्हा चमचा लावला.

आजींचं लक्ष पिशवीतल्या अर्काच्या बाटलीकडे गेलं. "बाई, तुझी दवा हाय ना ती? मंग ती दे ना पोरीला."

"आजी, ती अजून उंदरांपुरतीच आहे. लेकराला द्यायची माझी हिंमत नाही."

"मंग येवढी वर्सं साल नेती कशाला?"

ताई पोरीला कडेवर घेऊन उठल्या. "गाडी काढ," एवढंच मला म्हणाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं. आजी दाराशी बसून राहिल्या, ताई खाटेला टेकून उभ्या. दुपार कलता कलता पोरगी एकदम भोकाड पसरून रडली. "रडली! अगं, डोळ्यांत पाणी आलंय बघ तिच्या!" ताई एवढ्या जोरात ओरडल्या की नर्सबाई धावत आल्या. मग ताई स्वतःच पदराने डोळे पुसू लागल्या. परतताना गाडीत म्हणाल्या, "इतकी वर्षं हगवण मोजली गं. हगवण लागलेलं पोर मात्र आज पहिल्यांदा मांडीवर घेतलं."

त्यानंतर दर महिन्याला त्या हरसूलच्या बाजारात जाऊ लागल्या. आजींनी गोणपाट थोडं बाजूला ओढून त्यांना जागा करून दिली. आजींची साल आणि शेजारी ताईंचं मीठ-साखर-पाणी, असं ते दुकान. आयाबायांना किती चमचे ते ताई शिकवायच्या, आणि कुणी ऐकलं नाही तर आजी खेकसायच्या, "ऐक की, बाई लय शिकेल हाय!"

यंदा ताई निवृत्त झाल्या. पिंजरे दुसऱ्यांच्या हाती गेले. कुड्याच्या अर्काचं काम त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंना नीट समजावून आल्या. माणसांसाठी त्याचं औषध कधी होईल, असं मी विचारलं तर अगदी सहज म्हणाल्या, "माझ्या हयातीत नाही व्हायचं." आता गुडघे दुखतात, हरसूलला जाणंही कमी झालंय. मागच्या खेपेला नात शाळेच्या गणवेशात आजीजवळ बसून चिंचा खात होती. "ह्या कोण, ओळखलंस का?" ताईंकडे बोट दाखवत मी तिला विचारलं. तिने मान हलवली: नाही. ताई तिच्याकडे बघत राहिल्या. "बरंच आहे की," म्हणाल्या, आणि तिने पुढे केलेली चिंच त्यांनी आंबट तोंड करत खाल्ली.