कॅप्टनबाईंचा काढा

नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये प्रभाताईंनी अख्खी नोकरी केली ती कानाला हेडफोन लावून आणि दुसऱ्यांची बोलणी न ऐकण्याचा प्रयत्न करून. तो प्रयत्न फारसा जमला नसावा, कारण चौकसपणा त्यांच्या हाडीमाशी मुरला होता. निवृत्तीनंतर त्या जर्मनीत बॉनला मुलाकडे राहायला आल्या तेव्हा श्रीनाथच्या कामात त्यांना काडीचाही रस वाटला नाही. तो दिवसभर कॉम्प्युटरशी बोलतो, त्यात विचारायचं काय? पण सून वैमानिक होती. चौकस सासूला आणखी काय हवं!

स्वरूपा मूळची सांगलीची. इंजिनिअर म्हणून जर्मनीत आली आणि मोटारींच्या गिअरबॉक्सवर काम करता करता उडायला शिकली. आता कोलोनच्या विमानतळावरून ती युरोपभर प्रवासी विमानं नेत असे, सहवैमानिक म्हणून, उजव्या खुर्चीत बसून. घरात मात्र तिचा दरारा असा काही नव्हता. सात वर्षांची अन्वीसुद्धा आईने हाक मारली की 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'बरोबर, बरोबर', म्हणत जागची हलत नसे.

"विमान म्हणे आपलं आपणच उडतं," प्रभाताईंनी आल्या आल्या विषयाला हात घातला होता. "मग तुम्ही दोघं आत बसून करता तरी काय गं?"

"ते नीट उडतंय ना, ते बघतो, आई."

"सतत?"

"सतत. एकाने उडवायचं, दुसऱ्याने रेडिओवर बोलायचं आणि पहिल्यावर लक्ष ठेवायचं. परत येताना उलट."

लक्ष ठेवायचं, हे प्रभाताईंना फार आवडलं. मग रोज प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. त्यांना कळलं की निघण्याआधी एक वैमानिक खाली उतरून विमानाभोवती फेरी मारतो, चाकं बघतो, इंजिनात वाकून पाहतो. इंधन किती घ्यायचं ते कॅप्टन ठरवतो, आणि ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर कुठे जायचं हेही आधीच ठरवून ठेवतो. वर्षातून दोनदा खोट्या विमानात बसवून यांची इंजिनं बंद पाडतात, आग लावतात, आणि शांतपणे बघत बसतात. "अगंबाई, मुद्दाम?" असं म्हणून त्यांनी ते नाशिकच्या बहिणीला फोनवर तिखटमीठ लावून सांगितलं. स्वरूपाला या सासूची गंमत वाटायची. तिच्या स्वतःच्या आईने इतक्या वर्षांत 'नीट जा हं' यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

एप्रिलमध्ये स्वरूपाच्या कॅप्टनपदाची शेवटची चाचणी ठरली. दुपारचं विमान, कोलोन ते व्हिएन्ना आणि परत. कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत ती बसणार आणि परीक्षक शेजारी बसून तिचं काम बघणार. कोलोनला कॅप्टनची एकच जागा रिकामी होती आणि रांगेत दोघं होते. त्या दुसऱ्याची चाचणी तिच्या लगेच पुढच्या दिवशी होती. जो आधी पास होईल त्याला कोलोन, उरलेल्याला म्युनिक. म्युनिक म्हणजे आठवड्यातले चार-पाच दिवस घराबाहेर, तिथे भाड्याची खोली, आणि अन्वी बाबाच्या हातचा पास्ता खाऊन झोपणार. घरात गेले महिनाभर दुसरा विषय नव्हता.

आणि नेमकं त्याच आठवड्यात स्वरूपाला शिंका सुरू झाल्या. बर्चच्या झाडांना तुरे आले की त्यांच्या परागांनी अर्ध्या जर्मनीची नाकं गळतात, तिचंही गळायचं. डॉक्टरने दिलेला नाकातला स्प्रे ती मारत होती. प्रभाताईंच्या हिशेबी तो फवारा म्हणजे निव्वळ पोरखेळ. त्यांनी नाशिकहून आणलेली सर्दीची गोळी पुढे केली.

"नको आई. गोळी नको."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे केली. पुन्हा नको. मुलगी हट्टी आहे, ऐन चाचणीत नाक गळलं तर त्या परीक्षकासमोर काय शोभा, असा विचार करून प्रभाताईंनी चाचणीच्या सकाळी आलं, गवती चहा, मिरी घालून काढा उकळला. गोळी वरवंट्याने नव्हे, पण चमच्याने चांगली चुरली. एकीने काय होतंय म्हणून दोन चुरल्या. वर भरपूर गूळ घातला. स्वरूपाने तो उभ्या उभ्या प्यायला आणि "मस्त झालाय हं," म्हणाली. प्रभाताई मनातून खूश झाल्या.

श्रीनाथ ऑफिसला, अन्वी शाळेत. स्वरूपा आरशासमोर टाय बांधत होती. प्रभाताईंना कौतुकाने राहवेना.

"आज तिथे गेल्या गेल्या पहिलं काय करणार?"

"पहिलं? एकमेकांना विचारणार. झोप झाली का, बरं वाटतंय का, काही औषध घेतलंय का."

"औषध? ते कशाला?"

"अहो आई, औषध घेऊन उडता येत नाही. डॉक्टरने चालतं म्हटलं तेवढंच. सर्दीच्या गोळ्या तर अजिबात नाही. त्यांनी झोप येते, आणि आपल्याला पेंग आलीय हे माणसाला कळतसुद्धा नाही."

प्रभाताईंच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! त्या स्वयंपाकघरात गेल्या, उगाच ओटा पुसला. दोनच तर गोळ्या. तरणीताठी मुलगी आहे, हिला काय होणार? शेजारी परीक्षक आहे, तो काही झोपलेला नसेल. सांगितलं तर जागा जाणार, आणि जन्मभर सगळे म्हणणार, सासूने घालवली. नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? ओटा स्वच्छ झाला तरी त्यांचा हात फिरतच होता. नाशिकहून येताना विमानात शेजारी बसलेली एक बाई तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन निवांत घोरत होती, ती त्यांना आठवली. ती बाई कुणाच्या भरवशावर झोपली होती?

बाहेर स्वरूपा बूट घालत होती.

"स्वरूपा, थांब. काढ्यात मी गोळ्या घातल्या होत्या. दोन."

तिने वर पाहिलं. क्षणभर तिला कळलंच नाही. मग कळलं, तसा तिचा चेहरा उतरला.

"आई, मी नको म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं."

"हो गं."

"कुठली गोळी? दाखवा."

तिने पाकीट उलटसुलट करून नाव वाचलं. मग एकेक करून बूट काढले आणि फोन लावला. जर्मनमध्ये जेमतेम दोन वाक्यं बोलली, पलीकडून एक वाक्य आलं, फोन बंद. प्रभाताई दाराशी खिळून उभ्या होत्या.

"काय म्हणाले?"

"काळजी घ्या म्हणाले. स्टँडबायवरचा कॅप्टन जाईल."

"कारण नाही विचारलं?"

"नाही विचारत. विचारायला लागले तर लोक लपवायला लागतील."

प्रभाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या हळूच म्हणाल्या, "आणि चाचणी?"

"पुढची तारीख देतील महिन्याभराने. उद्या तो दुसरा पास होईल, चांगला वैमानिक आहे तो. मला म्युनिक." तिने टाय सैल केला. "जाऊ द्या आई, आत्ता काही बोलू नका माझ्याशी. प्लीज."

ती गणवेशातच सोफ्यावर बसली. प्रभाताई आत जाऊन रडल्या, मग नाक पुसून वरणभाताचा कुकर लावला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. वाढून बोलवायला आल्या तर स्वरूपा आडवी झालेली होती.

टेबलावर तिचा फोन वाजला. तिच्या उशापासून हातभर अंतरावर तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. शेवटी प्रभाताईंनीच उचलला. श्रीनाथ होता, स्वरूपाचा मेसेज त्याने आत्ताच पाहिला होता.

"ती कुठंय? बोलू दे मला तिच्याशी."

"झोपलीय रे."

"आत्ता? दुपारची? ती कधीच झोपत नाही दुपारी."

प्रभाताईंनी घड्याळाकडे पाहिलं. ते विमान आत्ता व्हिएन्नाला उतरत असणार. त्यांनी फोन ठेवला, सोफ्याजवळ खाली बसल्या आणि स्वरूपाच्या खांद्याला हात लावून हाक मारली. मग जरा हलवून, मोठ्याने मारली.

ती संथ घोरत राहिली, उठली नाही.