म्हात्रेबाईंना काही माहीत नसायचं

म्हात्रेबाईंना काहीच माहीत नसायचं. निदान त्या तसं सांगायच्या. आमच्या भागातल्या एका इस्पितळात पेशंटशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलणं हे त्यांचं काम, तेही करारावर. केसपेपर वाचून, डॉक्टरांना दहा प्रश्न विचारून त्या वॉर्डात यायच्या, खाटेशेजारी स्टूल ओढायच्या आणि म्हणायच्या, "मना काय माहीत नाय बाबा. तुमाला काय झालंय, काय करनार हायेत, तुमीच सांगा." पेशंट आधी चक्रावायचा, मग सांगायला लागायचा. डॉक्टर बोलले त्यातलं याच्यापर्यंत किती पोचलं, ते बाईंना त्यातून कळायचं. बहुतेक वेळा काहीच पोचलेलं नसायचं.

बाई घणसोली गावातल्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, आणि आवाज असा की वॉर्डात हळू बोलल्या तरी जिन्यात ऐकू जायचं. आमच्या समोरच्या खाटेवरच्या आजींचे दोन मुलगे तिथंच भांडायचे. आईला कुणी न्यायचं यावरून एकानं दुसऱ्याला वकिलाची नोटीस पाठवली होती. बाईंनी ती नोटीस मागून घेतली आणि सरळ आजींच्या हातात ठेवली. "मावशी, पोरं तुमच्याबद्दल काय लिवतान, बगा तरी." दोघं भाऊ असे गप्प झाले की विचारू नका. मी मनात म्हटलं, बाई भारी आहे. तेव्हा माझी पाळी आली नव्हती ना!

मी तिथं होतो अण्णांसाठी. माझे वडील. मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या बाजारात उभं आयुष्य पाठीवर गोणी वाहिलेले, गळ्यात तुळशीची माळ. साखरेनं त्यांचा उजवा पाय काळा पडला होता. सोमवारी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, आणि लवकर. मला धीर नावाची गोष्ट जन्मतःच मिळालेली नाही. कंपनीत सुपरवायझर आहे, दिवसभर लोकांवर ओरडतो. पण त्या दिवशी अण्णांच्या खाटेशी गेलो आणि तोंडातून निघालं, "काही नाही अण्णा, जखम साफ करतील." मंगळवारी तेच. बुधवारी रिपोर्ट घेऊन वाशीला दुसऱ्या डॉक्टरकडे पळालो, तोही तेच म्हणाला. आल्यावर अण्णांना पुन्हा तेच. बायको म्हणाली, "अहो, सांगा ना त्यांना." मी तिच्यावरच खेकसलो. गुरुवारी संध्याकाळी संमतीचा कागद त्यांच्यापुढं धरला. "जखम धुवायचीय, इथं सही करा." अण्णांनी चष्मासुद्धा मागितला नाही. सही केली.

शुक्रवारी सकाळी नऊचं ऑपरेशन. आठला म्हात्रेबाई आल्या, स्टूल ओढलं. "अन्ना, मना काय माहीत नाय. आज काय करनार हायेत?"

"जखम धुनार हायती म्हनं."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. उठल्या आणि डॉक्टरांकडं गेल्या. दहा मिनिटांत ऑपरेशन थांबलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉरिडॉरमध्ये मी त्यांना वाट्टेल ते बोललो. "तुम्हाला काय करायचंय? बाप माझा आहे! सही झालीय ना?"

"सही हाताची झाली. मानसाची नाय झाली," बाई म्हणाल्या. "तुजा बाप शुद्धीत हाय, शाना हाय. पाय त्याचा. कायदा पन हेच बोलतो आनि मी पन. जा, सांग. मी हाय बाजूला."

कसं सांगितलं ते आठवत नाही. उभ्याउभ्याच काहीतरी बडबडलो. अण्णा वरच्या पंख्याकडं बघत होते. मग म्हणाले, "आरं, वासावरनं मला कवाच कळलं व्हतं. तुला सांगाया जड जातंय म्हनून गप बसलो." मला रडूच फुटलं. इतके दिवस मी त्यांना फसवत होतो, आणि ते मला सांभाळून घेत होते!

पण पुढं त्यांनी जे सांगितलं त्यानं मी पुन्हा भडकलो. "आज एकादशी हाय. आज आंगाला सुरी लावायची न्हाय. उद्या द्वादशीला पारनं फेडतो, मग काय कापायचं ते कापा." मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, देव काय कॅलेंडर बघून बसलाय का? बाईंनी मला हातानं गप्प केलं. त्यांनी देवाचा विषयच काढला नाही. डॉक्टरांनाच खाटेशी आणून उभं केलं. "डाक्तर, एक दिवस थांबलो तर काय होईल, ते अन्नांना तुमीच सांगा."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. विष वर चढेल, गुडघा जाऊ शकतो, जिवालाही धोका आहे.

"आता मना सांगा अन्ना, डाक्तर काय बोलले?"

"गुडगा जाईल. कदाचित मी बी जाईन," अण्णा म्हणाले. "तरी उद्याच."

बाई आणखी अर्धा तास बसल्या. गावाकडच्या बुवांना फोन लावून दिला. अडचणीला चालतं, असं बुवाही म्हणाले. अण्णा हलले नाहीत. तो दिवस मी वॉर्ड आणि जिना यांत येरझाऱ्या घालून काढला.

शनिवारी पाय निघाला. गुडघ्याच्या वर.

अण्णा वाचले. पण कृत्रिम पाय बसवणाऱ्यानं सांगितलं, गुडघा राहिला असता तर चालणं फार सोपं झालं असतं. मी त्याच दिवशी घरी बसून इस्पितळाला तक्रारीचा अर्ज लिहिला. या बाईंच्या ढवळाढवळीमुळं ऑपरेशन एक दिवस लांबलं, माझ्या वडिलांचा गुडघा गेला. एकादशीचं लिहिलं नाही. माझ्या खोटेपणाचं तर नाहीच नाही. चौकशी झाली. मला बोलावलं, डॉक्टरांना बोलावलं, बाईंना बोलावलं. अण्णांना कुणी विचारलंच नाही. बाईंचा करार पुढं वाढला नाही.

मला समाधान व्हायला हवं होतं. उलट अर्जात जे लिहिलं नव्हतं तेच रोज आठवायला लागलं. दोन महिने तसेच काढले आणि एका रविवारी घणसोली गावात विचारत विचारत त्यांचं घर गाठलं. बाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं, "अन्ना चालतान का रे?"

"कुबड्यांवर. फार नाही."

त्यांचा हात थांबला. "मना रोज वाटतं, मी अजून जोर लावाया पायजे होता. ऐकलं असतं काय त्यांनी?" माझ्या अर्जाबद्दल अक्षर नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काही बोलणार तोवर त्यांनी हात धुतले, चपला घातल्या. "चल, त्यांनाच इचारते."

रिक्षानं कोपरखैरण्याला आमच्या घरी आलो. अण्णा दारातच खुर्चीवर बसले होते. बाई त्यांच्यासमोर पायरीवर बसल्या. "अन्ना, तो एक दिवस माझ्यामुलं गेला का?"

"तुमच्यामुळं? कोन म्हनतं?"

बाईंनी माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अण्णांनी मात्र बघितलं.

"त्यो दिस मी मागितला व्हता, बाई. समजून उमजून मागितला. माझा गुडगा मी माझ्या हातानं दिला, त्याचं मला काय न्हाय." त्यांनी कुबडीचं टोक माझ्याकडं केलं. "पर सोमवारी मला सांगितलं असतं, तर मंगळवारीच पाय काडा म्हनलो असतो. एकादशी लई लांब व्हती तवा. त्ये चार दिस कुनी घालवले, त्ये ह्याला इचारा."

बाईंनी विचारलं नाही. पायरीवर थोड्या सरकल्या आणि माझ्यासाठी जागा केली. मी बसलो, आणि अर्जात काय लिहिलं होतं ते अण्णांना पहिल्या ओळीपासून सांगायला लागलो.