देव्हाऱ्यातलं काउंटरवेट

दिवा वर सारला की सुर्रकन खाली यायचा. परत सारला, परत खाली. लालबागच्या चाळीत दत्तारामच्या खोलीत मी स्टुलावर उभा, घामाघूम. आमच्या गिरगावच्या दिव्यांच्या दुकानाच्या मालकांनी बजावलं होतं, "काचेला तडा गेला तर तोंड दाखवू नकोस!"

दत्ताराम बोटीवर स्टुअर्ड. बायको सुशीला अंधाऱ्या खोलीत मशीनवर ब्लाउज शिवून डोळे फोडून घ्यायची, म्हणून पठ्ठ्याने थेट इटलीहून टांगता दिवा आणला होता. दुधी काच, पितळी दांडी, काय देखणा! संध्याकाळी त्याला बोटीवर हजर व्हायचं होतं. त्याआधी बायकोला त्या उजेडात शिवताना बघायचं, एवढीच हौस.

"याला काउंटरवेट लागतं," मी म्हटलं. "कप्पीच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन. मग दिवा सोडाल तिथे थांबतो. बॉक्समध्ये काळं, गुळगुळीत काही नव्हतं?"

"बॉक्स आईने उघडला," दत्ताराम म्हणाला.

सुशीलाने पदर तोंडाला लावला आणि डोळ्यांनी देव्हारा दाखवला. बघतो तर काय! वाटीभर तांदळात कडी खाली रुतवून आमचं काउंटरवेट उभं. वर हळदकुंकू, जास्वंदीचं फूल.

मी हात पुढे केला मात्र, दत्तारामची म्हातारी आई कडाडली, "मेल्या, देवाक हात लावतस? माझ्या झिलान बोटीतसून हाडल्यान तो!"

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात ही बाई पोलिसांच्या लाठीपुढे हटली नव्हती. मला कसली भीक घालते!

दत्ताराम रडवेला झाला. "आये, सुशीच्या डोळ्यांसाठी आणलंय गो सगळं. मी आज जातोय."

म्हातारी सुनेच्या लाल डोळ्यांकडे बघत राहिली. मग उठली, देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला आणि खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आजपासून तुझी जागा वर. माझ्या सुनेचे डोळे सांभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दारात जमलेली अख्खी चाळ ओरडली. मीही ओरडलो.

हळदकुंकवासकट वजन अडकवलं. दिवा मशीनवर ओढला, सोडला. थांबला! सुशीलाने पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवला आणि दत्ताराम लहान पोरासारखा टाळ्या पिटायला लागला. असला आनंद मी नोकरीत परत पाहिला नाही.

तेव्हापासून माझा नियम: विलायती फिटिंगचा पार्ट सापडेना, तर कंपनीला दोष देण्याआधी घरातल्या म्हातारीला नमस्कार करावा.